झिलूच्या नावावर

चौदा महिन्यांनी जहाजावरून उतरून मी सरळ माझगावच्या खोलीवर आलो, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि बघतो तो माझी पेटी जागेवर नव्हती.

ही खोली म्हणजे आमच्या गावच्या खलाशांचं मुंबईतलं बिऱ्हाड. भिंतीला लागून पेट्यांची रांग, प्रत्येकीवर रंगानं नाव. माणूस दर्यावर असेपर्यंत त्याची पेटी खोलीत राहायची, तिला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. पेटी हलायची ती दोनच वेळा: एक तर माणूस येऊन ती घेऊन जाणार, नाही तर माणूस येणार नाही असं ठरल्यावर खोलीवाले ती गावी पाठवणार. मी तर नुकताच आलो होतो.

लाडूमामा कोपऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. जन्मभर आगबोटीच्या भट्टीत कोळसा ओढून म्हातारे झालेले, आता खोलीचे कारभारी. त्यांनी वर पाहिलं आणि हातातलं सूप सुटलं. तोंडाकडे बघायच्या आधी ते माझ्या पायांकडे बघू लागले. भुताचे पाय उलटे असतात ना! माझे सरळ होते, फक्त धुतलेले नव्हते.

"मामा, माझी पेटी खंय गेली?"

"कोण? धाकू?"

"मगे कोण?"

"जरा हंय ये. उजेडात ये बघया."

मी पुढे गेलो. मामांनी माझी टाच चाचपली, मग घोटा, मग मनगट.

"तुझी पेटी घराक धाडली रे," ते म्हणाले. "तुझो बारावो जावन पाच म्हयने झाले."

मी हसलो. दुसरं काय करणार? खोलीतले चौघंपाचजण उठून गोळा झाले, कुणी मिठी मारली, कुणी चिमटा काढला, कुणी चहाला पळालं. मामांनी तुटक तुटक सांगितलं ते असं: ब्रॅन्सबी नावाची बोट बसऱ्याहून परत येताना टॉर्पेडो बसून बुडाली. बुडाली गेल्या वैशाखात, सरकारी कागद आला भाद्रपदात. चार खलाशी वाचले, त्यात आपल्या गावचा एकही नाही. बुडालेल्यांच्या यादीत ठळक अक्षरात नाव होतं, धाकू रामा मेतर.

"सरकारी कागद तो," मामा डोळे पुसत म्हणाले. "बैलाक गाय लिवतले. जिवंत माणसाचा तेराव्याचा जेवाण जेवलो रे आमी."

सगळे हसले. मीही हसत होतो, आणि हसता हसताच थांबलो. यादीत चूक नव्हती. ब्रॅन्सबीवर धाकू मेतर होता. फक्त तो मी नव्हतो.

"मगे तू खंय होतंस इतके दिवस?" कुणीतरी विचारलं.

"दुसऱ्या बोटीवर."

"आणि झिलू? त्येची कॉर्टली बोटय इली म्हणतत. गाठ पडली काय?"

"पडली," मी म्हणालो. "मागसून येता तो."

हे मी का बोललो ते आज चाळीस वर्षांनीही मला सांगता येत नाही. तोंडात आलं आणि बोललो. मामांचा चेहरा उजळला. "बरां झाला. कॉर्टली कराचीक लागली तेवाच मी त्येच्या आयेशीक कार्ड टाकलंय. शुक्रवारच्या बोटीन पोर येता, शिमग्याक घरात आसतलो म्हणान."

चहा आला. मी तो घेतला की नाही, आठवत नाही.

आता नळीचं सांगायला हवं. नळी म्हणजे खलाशाचं पुस्तक. कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, वागणूक कशी, सगळं त्यात. जुने लोक हे कागद पत्र्याच्या नळीत घालून ठेवत म्हणून त्याला नळी म्हणायचे. नळी असेल तर माणूस खलाशी, नसेल तर बंदरावरचा हमाल. आणि आमच्याकडे नळी उसनी देण्याघेण्याची चाल होती. भाऊ आजारी पडला की भावाच्या नळीवर दुसरा भाऊ जायचा. गुन्हा होता तो, पण छत्री उसनी द्यावी तसा आम्ही करायचो.

त्रेचाळीसच्या माघात मी आणि झिलू कोयंडे दोघंही याच खोलीत होतो. झिलू माझ्या शेजारच्या घरचा. एका होडीत वाढलो, एकाच दिवशी मुंबईला आलो. त्याची नळी कॉर्टलीवर लागली होती. ती विलायतेला जाणार, वर्षभर तरी परत येणार नाही, आणि वाटेत जर्मनांच्या पाणबुड्या. माझी लागली ब्रॅन्सबीवर. कराची, बसरा आणि परत, तीन महिन्यांचा फेरा. त्या वेळी तिला सगळे सासुरवाडीची बोट म्हणायचे, इतका तो रस्ता बिनघोर.

"झिलू," मी म्हणालो, "तुझी शेवंता दोन जीवांची. तू विलायतेक गेलंस तर पोर चलाक लागात तरी तुका बघूक गावचा नाय. माझी बोट घे. मी तुझी घेतंय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आणि तुका काय झाला तर?"

"माका काय होतला? माका पोर ना बाळ."

झिलू रडला. सहा फुटी माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत रडला. म्हणाला, "धाकू, ह्या खंय फेडू मी?" कॉर्टलीचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा मुरलेला माणूस होता. त्याला सगळं कळलं. तो एवढंच बोलला, "मला हात हवेत, तोंडं कुणाची का असेनात. फक्त घरी पत्र धाडू नको. पत्रं साहेब लोक उघडून वाचतात, नावाचा घोळ झाला तर तू आत आणि मीही आत." फोटोची चिंता नव्हती. नळीवरच्या फोटोत आम्ही दोघंही सारखेच, मिशी लावलेल्या कोळशासारखे दिसत होतो.

अशा रीतीनं चौदा महिने मी झिलू कोयंडे झालो. हजेरीला कोयंडे म्हटलं की हात वर करायचो. साठ साठ जहाजांचा तांडा, रात्री एक दिवा नाही, आणि थंडी अशी की लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटून यायची. एका सकाळी आमच्या शेजारचं जहाज उभंच्या उभं पाण्यात गेलं. चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात गेलं. माणसं पाण्यात हात वर करत होती आणि आम्हाला थांबायचा हुकूम नव्हता. एकजण तर इतक्या जवळून गेला की त्याचे दात दिसले. आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो आणि जहाज पुढे गेलं. त्या दिवशी आमच्यातल्या कुणालाही भात गेला नाही.

त्या सगळ्या दिवसांत मी मनाशी एकच म्हणायचो: झिलू सुखरूप आहे. आता तो घरी असेल, ओट्यावर बसून पेज जेवत असेल, पोराला मांडीवर घेत असेल. त्यानं मला फार धीर यायचा. मी हे म्हणत होतो तेव्हा त्याला समुद्राच्या तळाशी जाऊन महिने झाले होते.

शुक्रवारी बोट मालवणला लागली. तिथं बोट धक्क्याला येत नाही, लांब उभी राहते आणि पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, माणसं किनाऱ्यावर आणतात. मी पहिल्याच पडावात होतो. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात येसूकाकी उभी होती, झिलूची आई. तिच्या मागं कोरड्या वाळूत शेवंता. अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, केसांत अबोली, हातात कोपरापर्यंत नव्या बांगड्या, आणि कडेवर सहा महिन्यांची मुलगी. तिला काजळाची एवढी मोठी तीट लावली होती की सगळं बंदर दृष्ट लावायला बसलंय असं वाटावं.

काकीनं मला बघितलं. आधी ओळखलंच नाही. मग दोन्ही हात तोंडावर गेले आणि ती पाण्यातच खाली बसली.

"धाकू? माझ्या सोन्या, तू?"

मी तिला उठवलं. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, कान ओढले, कपाळ कपाळाला लावलं. "तुझ्यासाठी किती रडलंय रे मी. तुझ्या दुर्पताची काकणां ह्या हातांनी फोडलंय. ह्या बघ, ह्या हातांनी." आणि शेवंताला ओरडून म्हणाली, "बघतंस काय गो? धाकू इलो! दुर्पताचा कुकू परत इला!" शेवंता हसत होती आणि रडत होती.

मग काकीनं माझ्या खांद्यावरून पडावात बघितलं. "आणि आमचो?"

मी तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आधी तिनंच उत्तर दिलं. "मागल्या पडावात आसतलो. त्येका सगळ्यांच्या पाठसून उतरूची सवयच आसा."

आम्ही थांबलो. दुसरा पडाव आला. तिसरा आला. काकी प्रत्येक माणसाचं तोंड बघत होती आणि मी वाळू बघत होतो. चौथ्या पडावातून नारळांची पोती आणि एक बकरी उतरली. बोटीनं भोंगा दिला आणि ती वेंगुर्ल्याकडे निघाली.

"पुढल्या बोटीन येतलो काय?" काकीनं विचारलं.

मी मान हलवली. सांगतो ते खरं सांगतो, मी हो म्हणून मान हलवली.

क्षणभर तिचं तोंड पडलं, पण लगेच तिनं ते सावरलं. "येंव दे आठ दिवसांनी. चौदा म्हयने थांबलंय, आठ दिवसांचा काय? चल, आदी तुका तुझ्या घराक पोचवतंय." आणि माझा हात धरून चालू लागली. अख्खी वाट ती बोलत होती. "माका भियाच नाय होती. झिलू कॉर्टलीवर जातलो म्हणान कळला तेवाच मी सातेरीक कौल लावलंय. देवीन उजवी दिल्यान. सुखरूप परत येतलो म्हणान सांगल्यान. मगे मी कशाक भियान?"

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या अंगाला पाकळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. विहीर खणायची, पोरगी द्यायची, बोटीवर जायचं, सगळं विचारून. काकीनं झिलूचं लग्नही तसंच विचारून केलं होतं आणि शेवंतासारखी सून मिळाली, हे ती बारा गावांना सांगायची.

बातमी आमच्या आधी पोचली होती. अंगणात निम्मा गाव. माझी बायको दुर्पता दारात उभी होती. मोकळं कपाळ, मोकळे हात, विटकं लुगडं. चौदा महिन्यांत बाई वीस वर्षांनी म्हातारी झाली होती. ती रडली नाही, हसली नाही, चौकटीला धरून नुसती बघत राहिली. मला तिच्याजवळ जायचं भय वाटलं.

काकीनं गर्दीला अंगणातच थांबवलं, आम्हाला आत घेतलं आणि दार लोटलं. कोनाड्यातून तिनंच कुंकवाचा करंडा शोधून काढला. पाच महिने उघडला नव्हता, झाकण घट्ट बसलं होतं. तिनं पदरात धरून ते फिरवलं आणि मग थबकली. ती विधवा. तिनं कुंकू कसं लावावं?

"शेवंता, तू ये. तू सवाष्ण. तू लाव तिका."

शेवंतानं मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि पुढे झाली. त्याच वेळी मी तिचा हात धरायला हवा होता. मुलगी माझी मिशी ओढत होती. शेवंतानं दुर्पताच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं, आपल्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून तिच्या हातात चढवल्या, आणि हसत माझ्याकडे वळली.

"भावोजी, त्येंका कळवा हां, लवकर येवा म्हणान. चेडवाचा नाव ठेवूचा रवला हा. बापूस येयसर ठेवूचा नाय, असां मी सगळ्यांका सांगलंय."

"शेवंता," मी म्हणालो, "ब्रॅन्सबीवर झिलू होतो."

कुणालाच कळलं नाही. मी पुन्हा बोललो. "आमी नळये बदललेले. माझ्या नळीवर तो गेलो. त्येच्या नळीवर मी. बुडालो तो धाकू मेतर म्हणजे झिलू."

शेवंताची बोटं अजून कुंकवानं लाल होती. ती त्या बोटांकडे बघत राहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मग खाली बसली. बाहेर पोरांनी माझ्या नावानं ढोल धरला होता.

काकी उभीच होती. "वैशाखात?" तिनं विचारलं.

"होय."

"म्हणजे ह्या चेडू पोटात होता तेवाच."

"होय, काकी."

"आणि तुझ्या तेराव्याक मी भात वाढलंय. तो माझ्या झिलूचो होतो."

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "बदलूचा कोणी काढल्यान?"

"मी."

"कित्याक?"

"शेवंता दोन जीवांची म्हणान. माझी बोट लवकर परतणारी."

काकीनं मान हलवली. तिला पटलं. तिनं मला दोष दिला नाही, शाप दिला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुयां बऱ्यासाठीच केलंस. तुझो काय अपराध? पण सातेरीन माका उजवी कशी दिल्यान?" आणि दुर्पताकडे वळली. "तुयां गे? तुयां नाय होतां विचारलंस, ह्यो जाताना?"

दुर्पता म्हणाली, "विचारलंय. म्हायेरात होतंय तेवा. थयल्या रवळनाथाक."

"काय दिल्यान?"

दुर्पतानं माझ्याकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं. त्या नजरेत तिला सगळं कळल्याचं मला दिसलं. मग काकीकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "उजवी."

"तुकाय उजवी?"

"होय. उजवीच."

काकीनं माझ्या मांडीवरची मुलगी उचलली, शेवंताला दंडाला धरून उभं केलं. दारापर्यंत गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "मगे थंय कोणच नाय."

रवळनाथानं डावी दिली होती. एकदा नाही, दोनदा. दुर्पतानं माहेरच्या मास्तरांकडून कार्ड लिहवून माझगावला धाडलं होतं: देव नको म्हणतो, ब्रॅन्सबीवर चढू नका. मी ते खोलीच्या जिन्यात उभं राहून वाचलं, फाडून गटारात टाकलं आणि वर जाऊन झिलूला शेवंताच्या दोन जीवांची आठवण करून दिली. झिलूला मी मारायला निघालो नव्हतो. मला वाटलं, कौल माझ्यासाठी आहे, बोटीवर मीच नसलो तर देव कुणाला धरणार? एवढाच माझा हिशेब. त्याला त्या कार्डाबद्दल एक अक्षर बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्यानं नळी बदलली नसती.

आणि सातेरी तरी कुठे खोटं बोलली होती? तिनं उजवी दिली ती कॉर्टलीवर जाणाऱ्या झिलू कोयंड्याला. कॉर्टलीवरचा झिलू कोयंडे सुखरूप परत आला होता आणि काकीसमोर मान खाली घालून बसला होता.

दुर्पता आणि मी या गोष्टीबद्दल पुढं कधीच बोललो नाही. तिनं मला वाचवलं की स्वतःचं कुंकू वाचवलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

झिलूचं दिवसकार्य झालं. चौदाव्या दिवशी सकाळी काकी आमच्या दारात आली. काखेत सूप होतं, वर फडकं.

"धाकू, होडी काढ. माका खाडीच्या तोंडार ने."

मी नेलं. भरती उतरायला लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. मध्यावर आल्यावर तिनं फडकं काढलं. सुपात तिच्या घरचे देव होते. पितळी गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि चांदीचा सातेरीचा टाक, तिच्या सासूच्या सासूपासून पुजलेला.

"काकी, ह्या काय करतंस?"

"ह्येंका विचारून माझा सगळा आयुष्य गेला," ती म्हणाली. "दोन दोन देवांनी उजवी दिल्यानी आणि पोर बुडालो. मगे ह्या फक्त पितळ. घरात ठेवन काय करू?"

तिनं गणपती सोडला. मग अन्नपूर्णा. मग बाळकृष्ण. प्रत्येक देव सोडताना हाताला पाणी लागू नये म्हणून ती बांगड्या नसलेले हात जपून वर घेत होती. टाक तिनं जरा वेळ हातात धरला, अंगठ्यानं पुसला आणि माझ्याकडे बघितलं. कुणीतरी अडवावं, असं त्या नजरेत होतं.

काकी, देव खरं बोलला होता, खोटा मी. एवढं बोललो असतो तर तिनं टाक परत पदरात बांधला असता. मी तिची नजर चुकवली आणि वल्हं मारत राहिलो.